पाटी आहे पण नंबर नाही, नंबर आहे पण पाटी नाही: सरकारी गाडी ओळखायची कशी?

आसरापलीकडचा
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली.

जुळे सोलापुरात आसरा चौकापासून थोडं आत आमचं घर आहे. गल्ली अशी की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं. महिनाभर आमच्या गेटला अर्धी आडवी एक पांढरी बोलेरो उभी असते. पुढं जिथं नंबर असतो तिथं लाल पत्रा, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'महाराष्ट्र शासन'. मागं स्टेपनीच्या कव्हरवर पुन्हा तेच. मागचा नंबर बंपरजवळ चिखलात बुडालेला, तीन आकडे वाचता येतात आणि चौथा तीन आहे की आठ ते देवाला ठाऊक. चालकाला म्हटलं, "दादा, गेट सोडून लावा की." तो मागचा आरसा पुसता पुसता म्हणाला, "काका, शासनाची गाडी आहे." बास. जणू पुढं काही बोलायचं उरलंच नाही.

आता दुसरी गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस पहाटे साडेपाचला तिथं एक राखाडी अर्टिगा उभी. आत चौघं, काचा अर्ध्या खाली, चहा गाडीतच. नंबर स्वच्छ, एमएच-१३ चा, पण गाडीवर एक अक्षर नाही. शेजारच्या काकूंनी मुलं पळवणारी टोळी समजून ११२ लावायला घेतलाच होता. तिसऱ्या दिवशी त्याच चौघांनी मागच्या गल्लीतून एकाला उचललं, तेव्हा कळलं की पोलिसांचं पथक होतं.

म्हणजे जिच्यावर शासन लिहिलंय तिचा नंबर दिसत नाही आणि जी खरोखर शासनाची निघाली तिच्यावर काहीच नाही. सरकारी गाडीवर ओळख लिहायची सक्ती असते का? पाटी लावली की नंबर झाकला तरी चालतो का? कुणाला नेमकं माहीत असेल तर सांगा. 'सोडून द्या हो' सांगणारे घरात चार आहेत.

चटणीभाकरी
काका, त्याच्या बोनेटवर शेंगाचटणीची पिशवी उघडी ठेवा. मुंग्या लागल्या की स्वतःच हलवतो का नाही बघा. शासनाची गाडी असली तरी मुंग्यांना कुठं वाचता येतंय बे.

क्लचप्लेट
मोटार वाहन विभागात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही विजापूर रोडच्या कार्यालयात. म्हणून हक्कानं लिहितो.

आधी एक गैरसमज काढतो. मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ गाडीला ओळखतात ते फक्त नंबरानं. पाटीनं नाही. कलम ३९ सांगतं की नोंदणी नसेल आणि नंबर ठरल्याप्रमाणे लावलेला नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. त्यात 'साहेबांची सोडून' असं कुठंही नाही. कलेक्टरची गाडी असो, झेडपीची असो की कचऱ्याचा डंपर, नंबर पुढं आणि मागं दिसलाच पाहिजे. नियम ५० मध्ये प्लेट कशी असावी ते आहे, ५१ मध्ये अक्षरांची मापं. चारचाकीला अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि १० मिलिमीटर जाड. प्लेटवर नंबराशिवाय दुसरं काही लिहायचं नाही. मराठीत नंबर लिहिणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगायचो आणि शिव्या खायचो. भाषेवर माझंही प्रेम आहे, पण प्लेट इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच हवी.

आता पाटी. 'महाराष्ट्र शासन' लिहायची सक्ती या कायद्यात नाही. कार्यालयं लिहितात ती त्यांच्या खात्याच्या सूचनेनं आणि बरीचशी हौसेनं. त्यामुळे तुमची अर्टिगा शंभर टक्के नियमात. बोलेरो खरोखर शासनाची असली तरी नियमाबाहेर.

प्रश्नचिन्ह
पण मग राष्ट्रपतींच्या गाडीला नंबर नसायचा, फक्त अशोकस्तंभ असायचा, ते कसं चालायचं? लहानपणी राज्यपालांच्या गाडीलाही पाहिलंय.

क्लचप्लेट
चालायचं म्हणजे चालवून घेतलं जायचं. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये स्पष्ट झालं की राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल यांच्याही गाड्यांची नोंदणी हवी आणि नंबर दिसायला हवा. याचिका करणाऱ्या संस्थेचा मुद्दा साधा होता. बिननंबरी गाडीनं कुणाला उडवलं तर त्या माणसानं तक्रारीत काय लिहायचं, 'सिंहवाली गाडी'?

राजमुद्रेचं वेगळं आहे. २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम आहेत, कुणी गाडीवर लावायची याची यादी आहे. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वगैरे. तालुक्याचा कृषी अधिकारी त्यात नाही. रबरी तीन सिंह बाजारात मिळतात म्हणून लावायचे नसतात.

खरा अपवाद लष्कराचा. त्यांची नोंदणी कलम ६० खाली वेगळी होते. प्लेटवर आधी वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, पुढं वर्गाचं अक्षर आणि क्रमांक. ती गाडी आरटीओच्या दप्तरात शोधू नका. दूतावासांच्या गाड्यांना निळी प्लेट. सोलापुरात दिसली तर मला फोटो पाठवा.

सीमेपल्याड
अक्कलकोटहून. आमच्याकडं निम्म्या गाड्या कर्नाटकच्या. तिकडं हे सोपं आहे. केए-२८ विजापूर, केए-३२ गुलबर्गा, त्याच्यापुढं 'जी' असला की सरकारी गाडी, 'एफ' असला की महामंडळाची बस. पोरंसुद्धा ओळखतात. तेलंगणाच्या बसला 'झेड'. आपल्याकडं एमएच-१३ मध्ये तहसीलदारही तोच आणि कडबाकुट्टीवालाही तोच. महाराष्ट्रानं 'जी' सुरू केला तर लाल पत्र्यांची कटकटच संपेल की नाही?

निनावी_तेरा
आणि आमच्या घरच्यांचं काम पण संपेल. वडील पोलिसात, गुन्हे शाखेत बरीच वर्षं होते. वाळूवाले, गुटखावाले आणि जुगार अड्डेवाले चौकाचौकात पोरं बसवतात, गाड्या बघायला. 'जी' दिसला की पाच मिनिटांत मंगळवेढ्यापर्यंत फोन. वडील सांगायचे, भीमेच्या पात्रात उतरायच्या आधीच ट्रॅक्टर रिकामे होऊन उभे असायचे, तेही पाटी नसलेल्या गाडीतून गेल्यावर. कारण ठाण्याच्या आवारातून निघालेली गाडी सगळ्यांना पाठ.

म्हणून साधी गाडी, साधा नंबर, गाडीत टोपी-काठी काही दिसू द्यायची नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जालन्यात आयकरवाले स्टील कारखान्यांवर गेले ते नवरा-नवरीच्या नावाचे स्टिकर लावून वऱ्हाड बनून. पेपरात आलं होतं सगळ्यांनी वाचलं असेल. गाड्यांचे नंबर मात्र खरेच. सजावट बदलली, प्लेट नाही बदलली.

प्रश्नचिन्ह
मग खोटा नंबर लावून पोलीस फिरत नाहीत कशावरून? सिनेमात तर हमखास.

वकीलबाई
सिनेमाचं सिनेमात राहू द्या. आपल्या मोटार वाहन कायद्यात 'गुप्त कामासाठी दुसऱ्याचा नंबर लावता येईल' असं कलम नाही. आणि तसं केलं तर खटल्यात पहिला फायदा आरोपीला. पंचनाम्यात गाडीचा नंबर लिहिलेला असतो, उलटतपासणीत मी पहिला प्रश्न त्यावरच विचारते. नंबर जुळला नाही तर पथक तिथं होतं की नव्हतं इथून सुरुवात होते.

आसरापलीकडचे, तुम्ही एका गोष्टीकडे बघा. नंबर दिसणं ही निव्वळ शिस्तीची बाब नाही. बाकी सगळे हक्क त्याला बांधलेले आहेत. उद्या त्या बोलेरोनं गल्लीत कुणाला धडक दिली तर? शासनाच्या मालकीच्या, धंद्याशी संबंध नसलेल्या कामाच्या गाडीला विमा सक्तीचा नाही, कलम १४६ मध्ये तशी सूट आहे. म्हणजे पुढं विमा कंपनी उभी नसेलही. भरपाईचा दावा थेट राज्याविरुद्ध टाकावा लागतो. तो मिळतो का? मिळतो. याचा पाया घातला तोही एका सरकारी जीपनंच. उदयपूरच्या कलेक्टरसाठी ठेवलेली जीप १९५२ मध्ये दुरुस्तीवरून परत येत होती. चालकानं पायवाटेवरून चाललेल्या माणसाला उडवलं, तो दवाखान्यात वारला. राजस्थान सरकार म्हणालं, आम्ही राज्य आहोत, आमच्यावर दावा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये ते फेटाळलं. नोकराच्या चुकीला जसा खाजगी मालक जबाबदार तसंच सरकार. त्या माणसाच्या बायकोला आणि मुलीला पैसे मिळाले.

पण त्या सगळ्याच्या आधी 'ही जीप कलेक्टरची' हे कळावं लागतं. नंबर असेल तर कलम १३३ खाली पोलीस मालकाला विचारू शकतात की त्या वेळी कोण चालवत होतं, आणि मालकाला सांगावं लागतं. 'तीन किंवा आठ' वर कुणाला विचारणार?

पिवळीपाटी
नमस्कार, मी चालक आहे. आठ वर्षं ठेकेदाराकडं, सरकारी हापिसात लावलेल्या गाड्यांवर. कुठल्या खात्यात ते विचारू नका, पोट आहे.

मंडळी कायदा सांगतायत, मी खरं सांगतो. रस्त्यावर 'महाराष्ट्र शासन' लिहिलेल्या किती गाड्या शासनाच्या असतात? खात्याच्या स्वतःच्या गाड्या जुन्या झाल्या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणीच वाढवून मिळत नाही, भंगारात गेल्या. जागी काय आलं? भाड्याच्या गाड्या. महिन्याला ठरलेलं भाडं, ठरलेले किलोमीटर, डिझेल-चालक ठेकेदाराचा. लॉगबुक आम्ही लिहायचं, सही साहेबांची.

आता नियमानं भाड्याच्या गाडीला पिवळी प्लेट पाहिजे, काळ्या अक्षरात, परवाना पाहिजे. पण साहेबांना पिवळी आवडत नाही. एका साहेबांनी तर माझ्यादेखत ठेकेदाराला सांगितलं, "मी काय टॅक्सीतून मीटिंगला जाऊ?" मग ठेकेदार मेव्हण्याच्या नावावरची पांढऱ्या प्लेटची गाडी लावतो. पांढरी प्लेट म्हणजे खाजगी. आणि मग ती खाजगी वाटू नये म्हणून वरून लाल पत्रा. असा सगळा कारभार. पत्रा शंभर-दीडशेत मिळतो, रंगवून. चालकाला विचारून कुणी लावत नाही, पण गल्लीत शिव्या चालकाला.

तुमच्या बोलेरोवाल्यालाही दोष देऊ नका फार. त्याला पण रोज सकाळी कुणीतरी तेच वाक्य शिकवलेलं असणार.

वकीलबाई
पिवळीपाटी, मनापासून आभार. हे दुसरं कुणी लिहिलं नसतं.

यात कायद्याचं बघा. शासनाच्या मालकीची गाडी शासकीय कामाला वापरली तर तिला परवाना लागत नाही, कलम ६६ मध्येच तशी सूट आहे. पण ती सूट मालकीला आहे, पाटीला नाही. मेव्हण्याची गाडी भाड्यानं दिली की ती धंद्याची गाडी. परवाना नसेल तर कलम १९२-अ, दंड दहा हजारांपर्यंत जातो आणि कैदही होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे विमा. खाजगी वापराचा विमा घेतलेला आणि गाडी भाड्यानं फिरतेय, अपघात झाला की कंपनी हात वर करते. म्हणजे ना सरकारची गाडी, ना नीट विमा. साहेब बदली होऊन जातात, मेव्हणा कोर्टात येतो. अशी एक केस मी चालवलीय म्हणून सांगतेय.

चटणीभाकरी
मेव्हणा हा महाराष्ट्राचा खरा वाहनमालक आहे. 😀

पण मला एक सांगा. बीएच नंबर असतो ना, तो भारत सरकारचा ना? आमच्या अपार्टमेंटमध्ये एक जण आलाय, बीएच नंबरची गाडी. वॉचमन त्याला सलाम ठोकतो आणि मला 'ओ, गाडी तिकडं' म्हणतो.

क्लचप्लेट
वॉचमनला सांगा, सलाम वाया चाललाय. बीएच म्हणजे भारत मालिका, १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी आहे. केंद्र-राज्याचे कर्मचारी, सैन्यातले लोक, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकरदारही. गाडी त्यांची स्वतःची, खाजगी. दर राज्यात नंबर बदलत बसायला नको आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो, एवढाच त्यातला थाट.

रंगांचंही लिहून टाकतो, कारण विचारणारे येणारच. पांढऱ्यावर काळं खाजगी, आणि सरकारच्या मालकीचंही. पिवळ्यावर काळं भाड्याचं. काळ्यावर पिवळं म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं मिळणारी. हिरवं विजेवरचं. पिवळ्यावर लाल अक्षरं तात्पुरती नोंदणी. लालवर पांढरं विक्रेत्याच्या व्यवसाय प्रमाणपत्राचं. म्हणजे गंमत बघा, लाल पत्र्यावर पांढरी अक्षरं हा रंग नियमात शोरूमच्या गाडीचा आहे. शासनाचा नाहीच.

सीमेपल्याड
हे मात्र कडक! आता लाल पत्रा दिसला की 'ट्रायल आहे का साहेब?' विचारणार.

निनावी_तेरा
दिव्याचं पण सांगा. आमच्या भागात एकाच्या खाजगी गाडीत पुढच्या काचेत लाल-निळा दिवा आहे, रात्री लुकलुकतो.

क्लचप्लेट
दिवे १ मे २०१७ ला गेले, मंत्र्यांचेसुद्धा. आता लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा फक्त आपत्कालीन आणि कायदा-सुव्यवस्थेच्या नेमून दिलेल्या गाड्यांना, तोही कामावर असतानाच. कुठल्या गाड्या ते राज्याच्या परिवहन विभागानं दरवर्षी जाहीर करायचं असतं. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खाजगी ऑडीवर दिवा आणि 'महाराष्ट्र शासन' लावल्यावरून काय झालं ते आठवत असेल. गाडी शेवटी पोलिसांनी जप्त केली. सुरुवात पाटीपासून झाली आणि पुढं कुठल्या कुठं गेलं.

प्रश्नचिन्ह
ठीक, पण मूळ भीती कुणी बोललंच नाही. पाटी नसलेली गाडी येते, चार माणसं उतरतात, 'पोलीस' म्हणतात आणि घरातल्या माणसाला बसवून नेतात. ते खरे कशावरून? काकू ११२ लावत होत्या त्यात चूक काय?

वकीलबाई
काहीच चूक नाही, उलट लावायलाच हवा होता. अटक करणाऱ्याच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची ओळख हवी. अटकेचा मेमो हवा, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या एखाद्या प्रतिष्ठिताची सही हवी. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९६ मध्ये बजावलं आणि आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. गाडीवर पाटी नसणं नियमात आहे. माणसाकडे ओळखपत्र नसणं नियमात नाही. ११२ वर गाडीचा नंबर सांगा आणि विचारा, तुमचं पथक आहे का. खऱ्या पोलिसाला याचा राग येऊ नये, आणि आला तरी चालेल.

तोतयांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम २०४ आहे. लोकसेवक असल्याचं सोंग घेऊन काही केलं तर किमान सहा महिने, तीन वर्षांपर्यंत. 'शासन' लिहून नुसतं गेटसमोर गाडी लावणारा त्यात लगेच बसत नाही, म्हणून उगाच धमकावू नका. पण त्या पाटीच्या जोरावर कुणाकडून काही काढलं, की प्रकरण तिकडं सरकतं.

निनावी_तेरा
वकीलबाई बरोबर आहेत. वडील म्हणतात, ओळखपत्र मागितल्यावर जो चिडतो त्याच्यावर आम्हीसुद्धा संशय घ्यायचो.

आसरापलीकडचा
सगळ्यांचे आभार. आज पहाटे पाणी यायच्या वेळेला उठलोच होतो (आमच्याकडं पाण्याचा दिवस म्हणजे सण), तेव्हा टॉर्च घेऊन बोलेरोजवळ गेलो. क्लचप्लेट साहेब, लाल पत्र्याच्या डाव्या बाजूला मागं प्लेटचा कोपरा दिसतोय, निळसर काहीतरी छापलंय. पत्रा दोन ठिकाणी तारेनं बांधलाय आणि तार ग्रिलमधून ओवलीय. म्हणजे प्लेट आत आहे?

क्लचप्लेट
आहे. ते निळं म्हणजे 'आयएनडी' ही अक्षरं. त्याच्यावर चौकोनात अशोकचक्राचा चकचकीत होलोग्राम असेल, २० बाय २० मिलिमीटर, आणि खाली बारीक लेसरनं कोरलेला क्रमांक. ही उच्च सुरक्षा प्लेट, एचएसआरपी. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना शोरूममधूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात आधी ३१ मार्च २०२५ ची मुदत होती, मग ती वाढत गेली, आपण सगळ्यांनी रांगा लावल्यात. ती एकदाच बसणाऱ्या कुलपानं बसते, काढायची तर कुलूप तुटतंच. म्हणून लोकांनी नवीन युक्ती काढली. काढायची नाही, झाकायची.

फोटो घ्या. पुढचा पत्रा, मागचा चिखल आणि गेट, तिन्ही एका दमात. वेळ दिसू द्या. नंबर झाकणं म्हणजे नियम ५० चा भंग, कलम १७७ खाली पहिल्यांदा पाचशे, पुन्हा सापडला तर दीड हजार. रक्कम किरकोळ आहे, पण चलन गाडीच्या नंबरावर पडतं. म्हणजे कुणालातरी आधी पत्रा उचलून नंबर वाचावा लागतो.

पिवळीपाटी
आणि मडफ्लॅपजवळ बघा, 'शासकीय कामासाठी' असं बारीक कुठं लिहिलंय का. ठेकेदाराच्या गाडीला बहुतेक असतं, बिलाच्या फोटोसाठी.

एक राहिलं. निवडणुकीत खाजगी गाडीवर स्टिकर दिसला तर लगेच फोटो काढू नका हो. तेव्हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६० खाली गाड्या ताब्यात घेतात, नाही म्हटलं तर शिक्षा आहे. माझी स्वतःची गाडी घेतली होती, चार दिवस मतपेट्यांच्या मागं माढ्यात. भाडं मिळालं, उशिरा. ती गाडी माझीच, नंबर माझाच, काम मात्र पूर्ण सरकारी.

प्रश्नचिन्ह
टोलचं काय? सावळेश्वरला असे लाल पत्रे 'शासन, शासन' करत निघून जातात आणि आपण फास्टॅग दाखवतो.

क्लचप्लेट
२००८ च्या शुल्क नियमांत सूट कुणाला ते नावानिशी आहे. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, खासदार, आपापल्या राज्यात आमदार, गणवेशातलं पोलीस आणि निमलष्करी दल, अग्निशमन, रुग्णवाहिका, शववाहिका वगैरे. 'पत्रा लावलेला कुणीही' हा प्रकार नाही. पण नाक्यावरच्या पोराला दिवसाला शंभर जण दम देतात, तो तरी किती वाद घालणार.

आसरापलीकडचा
शेवट सांगतो, कारण धागा मीच काढला.

फोटो घेऊन वाहतूक शाखेच्या एका हवालदारांकडं गेलो. त्यांनी आधी विचारलं, "तुमची काय भांडणं?" म्हटलं, भांडण नाही, गेट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुचाकीवरून आले, वाकून तार सोडली, पत्रा बोनेटवर ठेवला आणि मोबाइलनं नंबर टिपला. मागच्या प्लेटवर बाटलीतलं पाणी ओतलं. आकडा आठ होता.

गाडी खाजगी निघाली, एका व्यक्तीच्या नावावर. मेव्हणा आहे की नाही ते कळलं नाही. चलन झालं. आता माहितीच्या अधिकारात त्या कार्यालयाला विचारलंय की हा नंबर तुमच्याकडं भाड्यानं लावलेला आहे का, असेल तर कुठल्या परवान्यावर, आणि लॉगबुकची प्रत द्या. दहा रुपयांचं तिकीट लावलं, तीस दिवस वाट बघायची.

बोलेरो परवापासून पुन्हा येतेय. पुढचा नंबर आता लांबून वाचता येतो, मागचाही धुतलेला असतो. लाल पत्रा आत डॅशबोर्डवर गेलाय, काचेतून दिसेल असा उभा करून, मागं टॉवेलचा टेकू.

गाडी लावतो मात्र अजून आमच्या गेटसमोरच.

चटणीभाकरी
काका, चटणीची पिशवी पाठवू का?